व्हिएन्नाचा जमाखर्च

आमच्या घरांत १९८३ सालापासूनच्या जमाखर्चाच्या वह्या एका लोखंडी पेटींत ओळीनें लावून ठेविलेल्या आहेत. त्यांपैकीं चाळिसाव्या वहींत चार पानें अशीं आहेत कीं, त्यांवर रुपयांच्या जोडीला युरोचा रकाना आहे. त्या चार पानांवरून घरीं इतक्या वेळां बोलणें झालें, आणि आमच्या वयाच्या इतक्या स्नेह्यांनीं "एवढ्या पैशांत कसें जमविलेंत?" म्हणून विचारिलें, कीं शेवटीं तो हिशेब वाचकांपुढें मांडावा असें मनानें घेतलें. हिशेब सांगूं लागलें कीं तो सगळाच सांगावा लागतो, हें जन्मभर मुलांना शिकविणाऱ्या माणसाला आधीं ठाऊक असावयास पाहिजे होतें. मला तें लिहावयास बसल्यावर कळलें.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. संस्कृत मात्र लहानपणीं वाईस एका शास्त्रीबुवांजवळ बसून शिकलों, आणि पुढें अडतीस वर्षें शाळेंत तेंच मुलांना शिकविलें. घर एकत्र, तीन भाऊ, एक चूल, आणि तिजोरीची किल्ली थोरल्या बंधूंच्या जानव्याला. पगार झाला कीं तो दादांच्या हातीं द्यावयाचा आणि लागेल तसा मागून घ्यावयाचा, अशी वहिवाट. मी वही ठेवूं लागलों ती दादांना पै न् पैचा हिशेब देतां यावा म्हणून. आतां दादा थकले, किल्ली पुतण्याकडे गेली, मला कोणी हिशेब विचारीत नाहीं. पण संवय राहिली ती राहिलीच. अशा घरांत नवराबायकोनें दोघांनींच कोठें जावें, ही कल्पनाच कोणास शिवत नसे. लग्नानंतर आम्ही कुलदैवताच्या दर्शनास गेलों, तेंदेखील आत्याबाई व दोन पुतणे यांच्यासह.

२०२३ च्या एप्रिलांत आम्ही उभयतां चिरंजीवाकडे म्युनिकला गेलों. पुढच्याच महिन्यांत आमच्या लग्नास चाळीस वर्षें पूर्ण होत होतीं. चिरंजीव व सूनबाई यांनीं परस्पर ठरविलें कीं, आईबाबांनीं चार दिवस दोघांनींच व्हिएन्ना पाहून यावें. खर्च अर्थातच ते करणार. मीं खर्चास साफ नकार दिला. विमानाचें भाडें त्यानें दिलें, तें आईबापांना बोलाविणाऱ्या मुलाचा हक्क म्हणून मीं चालवून घेतलें होतें. परंतु लग्नाचा वाढदिवस आमचा, तो मुलाच्या पैशानें साजरा करणें मला रुचेना. निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या रकमेंतून पन्नास हजार रुपये काढावयाचे आणि त्यांतच सर्व भागवावयाचें, असें मीं जाहीर केलें. मंडळीला विचारलें नाहीं. तो तिच्याही लग्नाचा वाढदिवस होता, हें त्या वेळीं माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

येथें एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवितों. जर्मनीच्या वकिलातीनें दिलेल्या शेंगेन परवान्यावर ऑस्ट्रियांतही जातां येतें. वेगळा परवाना नको, वेगळें शुल्क नको. हें शुल्क तेव्हां माणशीं ८० युरो होतें, जून २०२४ पासून तें ९० झालें. शिवाय निदान तीस हजार युरोंचा प्रवासाचा विमा लागतो. आमचा हा खर्च म्युनिकच्या खात्यांत आधींच पडला होता. केवळ चार दिवसांसाठीं घरून निघणारानें मात्र तो मांडलाच पाहिजे, नाहीं तर माझे आंकडे वाचून त्याची फसगत होईल.

हिशेब असा बसविला. युरोचा भाव त्या सुमारास नव्वद रुपयांच्या आसपास होता. म्हणजे पन्नास हजारांचे ५५५ युरो. म्युनिकहून व्हिएन्नास आगगाडी सुमारें चार तासांत जाते. जाण्यायेण्याचीं मिळून चार तिकिटें तीन आठवडे आधीं काढल्यामुळें दर तिकिटास २९ युरो ९० सेंट पडले. आयत्या वेळीं ह्याच तिकिटांस पुष्कळच अधिक पडते. अशा स्वस्त तिकिटाला बंधन एवढेंच कीं, ज्या गाडीचें तें असेल त्याच गाडीनें गेलें पाहिजे. उतरण्यासाठीं शेगडी व भांडीं असलेली एक खोली घेतली. तीन रात्रींचे करासह २४६ युरो. शहरांतील ट्राम, बस आणि भुयारी गाडी या सर्वांना चालणारें बहात्तर तासांचें तिकीट तेव्हां १७ युरो १० सेंटांस मिळत असे. दोघांचे ३४ युरो २० सेंट. हे झाले जवळ जवळ चारशें. उरलेल्या १५५ ची वांटणी केली ती अशी: जेवणखाण ७०, प्रेक्षणीय स्थळें ४५, आणि आपत्कालासाठीं ४०. रकाने जुळले तेव्हां मला जो आनंद झाला, तो व्हिएन्ना पाहून होईल कीं नाहीं, याची मला शंकाच होती.

वही मंडळीपुढें ठेविली. तिनें चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, "ह्यांत एक कॉफी नाहीं."

"कॉफीची पूड आपण बरोबर नेऊं. खोलींत शेगडी आहे," मीं म्हटलें.

ती पुढें कांहीं बोलली नाहीं. सूनबाईनें तिला व्हिएन्नाच्या कॉफीगृहांची हकीकत सांगितली होती, हें मला ठाऊक होतें. एका पेल्याला पांच-साडेपांच युरो, म्हणजे आपले पांचशें रुपये पडतात, हेंही ठाऊक होतें. पांचशें रुपयांत आमच्याकडे महिन्याची चहापूड येऊन वर कांहीं उरतें.

शुक्रवारीं सकाळीं निघालों. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, लोणचें आणि थर्मास इतकें बरोबर होतें. माझ्या काटकसरीचा पहिला प्रसाद गाडींतच मिळाला. त्या गाडींत तिकीट असलें म्हणजे बसावयास जागा असतेच असें नाहीं. जागा राखून ठेवण्याचे तेव्हां माणशीं तीन युरो निराळे द्यावे लागत. ते सहा युरो मीं वांचविले होते. राखलेल्या जागेवर कोठून कोठपर्यंत, हें वरच्या पट्टीवर उमटतें. आमच्या डोक्यावर 'सालझबुर्ग ते व्हिएन्ना' असें उमटलेलें होतें, पण वर पाहण्याचें आम्हांस कोणास सुचतें! सालझबुर्गला दोन तरुण मुली आल्या, त्यांनीं अत्यंत विनयानें आपलीं तिकिटें दाखविलीं आणि आम्ही उठलों. शुक्रवारची गर्दी. लिंझ येईपर्यंत तासाभराहून अधिक वेळ मंडळी सामानाच्या फळीला धरून उभी होती. तिचा उजवा गुडघा दुखरा आहे. त्यांतली एक मुलगी आपली जागा तिला देऊं लागली, तर ही हंसून "नाईन, नाईन" म्हणाली. एवढें जर्मन तिनें नातवाकडून उचललें होतें. लिंझला बरीच मंडळी उतरली आणि आम्हांस जागा मिळाली. येतांनाच्या गाडीच्या जागा मीं त्याच रात्रीं राखल्या.

व्हिएन्नाच्या भुयारी गाडीला आपल्याकडल्यासारखें अडविणारें फाटक नाहीं. एक निळी लहानशी पेटी असते, तींत तिकीट घालून शिक्का उठवून घ्यावयाचा, आणि त्या क्षणापासून बहात्तर तास. न विचारतां सारे आपण होऊन असें करतात. मात्र शिक्क्यावांचून सांपडल्यास दंड शंभर युरोंहून अधिक आहे, म्हणजे सचोटीला थोडा टेका दिलेला आहे. दुपारीं पावणेदोनला शिक्का मारला; सोमवारीं परतीची गाडी साडेबाराची. माझ्या योजनेंत तिकिटाचा एक तास तेवढा फुकट जात होता. पैसे काढण्याच्या यंत्रापुढेंही एक सावधगिरी लागते. तें यंत्र आपल्याला आपुलकीनें विचारतें कीं, ही रक्कम तुमच्या रुपयांत वळवून खात्यांतून घेऊं काय? तेथें 'नको' म्हणावें आणि युरोंतच घ्यावें. त्या आपुलकीची किंमत भावांत कापून घेतलेली असते. चिरंजीवानें हें चार वेळां बजावलें होतें म्हणून वांचलों. स्थानकावरील शौचगृहाला मात्र तेव्हां प्रत्येक वेळीं अर्धा युरो पडे. ही नोंद मीं वहींत 'देहधर्म' या सदराखालीं केली आहे.

ह्या शहरांत एक वस्तु फुकट आहे, आणि ती पाणी. बाटलीबंद पाणी तेथें विकत घेणें म्हणजे पैसा गटारांत ओतणें. शहराच्या नळाला आल्प्स पर्वतांतील झऱ्यांचें पाणी येतें; पहिली वाहिनी १८७३ सालीं पुरी झाली, दुसरी १९१० सालीं, आणि तें पाणी डोंगरांतून शहरापर्यंत केवळ उतारानें वाहत येतें. पहिल्या वाहिनीची कल्पना लढविली ती एडुआर्ड झ्यूस या भूगर्भशास्त्रज्ञानें. आपल्या गोंडवनावरून 'गोंडवानालँड' हें नांव प्राचीन महाखंडास देणारा तो हाच! भूगोलाच्या तासाला हें नांव मीं किती वेळां फळ्यावर लिहिलें असेल. त्या गृहस्थानें आणलेलें पाणी पितांना मला फार बरें वाटलें. मंडळीनें दोन बाटल्या भरून घेतल्या आणि विचारलें, "झऱ्याचेंच ना? मग कॉफी चांगली होईल."

शनिवारीं सकाळीं मला पहावयाचें होतें तें राजग्रंथालयाचें जुनें दालन. सहाव्या चार्ल्स बादशहानें १७२३ ते १७२६ च्या दरम्यान बांधविलेलें; लांबी जवळ जवळ अठ्ठ्याहत्तर मीटर, उंची वीस मीटरांस भिडलेली, आणि भिंतींत सुमारें दोन लाख ग्रंथ. तिकीट तेव्हां माणशीं दहा युरो होतें. दाराशीं मंडळी म्हणाली, "तुमचें तुम्ही पहा. मला जिने चढवत नाहींत. मी इथें बाहेर बसतें. माझे दहा वांचतील." मीं थोडासा आग्रह केला. तो किती थोडा होता हें तिला कळलें असेल. दीड तासानें बाहेर आलों तेव्हां ती चौकांतील एका दगडी पायरीवर शाल घट्ट ओढून बसली होती. पोटऱ्या गारठल्या होत्या. मला पाहून उठली आणि म्हणाली, "माझे दहा आहेत ना?" मीं म्हटलें, "आहेत तर! शिल्लकेंत धरले." तिनें माझ्याकडे एकदां पाहिलें आणि चालूं लागली. ती ते दहा युरो कशासाठीं विचारीत होती, हें त्या वेळीं मला उमगलें नाहीं असें लिहिलें तर तें खोटें होईल. उमगलें होतें, पण वही जुळत होती.

दुपारीं विद्यापीठ. तेथें दाम नाहीं. चारही बाजूंनीं कमानींची ओवरी असलेला मोठा चौक, आणि ओवरींत थोर अध्यापकांचे पुतळे. माझ्या मनांत होते ते गेओर्ग ब्यूलर. हा जर्मन पंडित १८६३ सालीं मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत आला, किलहॉर्न यांच्यासह त्यानें मुंबई संस्कृत ग्रंथमाला काढली, त्या मालेंत दोघांनीं पंचतंत्राची प्रत वांटून घेऊन संपादिली, आणि प्रकृति साथ देईना म्हणून १८८० मध्यें हिंदुस्थान सोडल्यावर येथें संस्कृताचा प्राध्यापक झाला. १८९८ सालीं कॉन्स्टन्सच्या सरोवरांत नाव उलटून तो बुडाला. शास्त्रीबुवा त्याचें नांव आदरानें घेत, आणि 'परका असून' असें मागाहून जोडीत. मी ओवरींत तासभर हिंडलों. मंडळी एका बाकावर बसून विद्यार्थ्यांकडे पाहत होती. तिनें माझें सगळें बोलणें ऐकून घेतलें आणि शेवटीं विचारलें, "त्यांची बायको आली होती का हो मुंबईला?" मला सांगतां आलें नाहीं. पंडितांच्या चरित्रांत बायका कोठें गेल्या याची नोंद ठेवण्याची चाल नाहीं.

त्या संध्याकाळीं माझा हिशेब पहिल्यानें चुकला. म्युनिकला शनिवारीं दुकानें आठपर्यंत उघडीं असत. मीं तोच नियम येथें धरला. ऑस्ट्रियांत शनिवारीं सहाला दुकानें बंद होतात आणि रविवारीं सबंध दिवस उघडत नाहींत. आम्ही साडेसहाला दूध, पाव आणि भाजी घ्यावयास गेलों तर कुलूप. मोठ्या स्थानकांवरचीं कांहीं दुकानें रविवारीं चालू असतात हें मागाहून समजलें. रविवारीं सकाळीं, म्हणजे वाढदिवसाच्या दिवशीं, मंडळीनें दूध नसलेली कॉफी आणि कांदा नसलेले पोहे केले. मीं "छान झाले" म्हटलें. ती म्हणाली, "मीठ तरी होतें."

शोनब्रुनच्या राजवाड्याची बाग पहावयास पैसे पडत नाहींत. वाडा आंतून पाहणें आमच्या अंदाजाबाहेरचें होतें. पण बागेंतून टेकडीवरच्या कमानींच्या इमारतीपर्यंत चढून गेलें कीं वाडा आणि त्यामागें सारें शहर पसरलेलें दिसतें. आम्ही दहा-दहा पावलांवर थांबत चढलों. वर पोंचलों आणि पाऊस आला. आपल्या वळवासारखा नव्हे. बारीक, गार, न थांबणारा. छत्री एक. ट्रामनें मध्यवस्तींत आलों तेव्हां तिच्या शालीचा पदर पिळतां आला असता. एका जुन्या कॉफीगृहाच्या दारापाशीं ती थांबली. कांचेंतून आंतले पिवळे दिवे दिसत होते.

"खोलीवर जाऊं. वीस मिनिटें," मीं म्हटलें.

"तुम्ही जा. मी आंत जातें."

चाळीस वर्षांत हें वाक्य मीं ऐकलें नव्हतें. मी छत्री घेऊन उभा राहिलों. ती म्हणाली, आणि आवाज जराही चढविला नाहीं, "अहो, चाळीस वर्षें मी चहा ओट्याशीं उभ्यानें प्यालें. आधीं सासूबाईंचा, मग दादांचा, मग तुम्हां सगळ्यांचा, मग पोरांचें दूध. माझा कप हातीं येई तों निवलेला असे. कोणी तरी माझ्यापुढें पेला आणून ठेवला आहे आणि मी बसून पितें आहें, असें एकदां व्हावें एवढेंच माझें मागणें होतें. त्याला तुमच्या वहींत रकाना नाहीं, तर नसूं दे. भिशीचे पैसे आहेत माझ्याजवळ. सूनबाईनें पन्नास युरो करून दिलेत. हे तुमच्या वहींत लिहूं नका."

आणि ती आंत गेली. मी मागोमाग गेलों.

तेथील कॉफीचा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाहीं, म्हणून दोन ओळी. १६८३ च्या वेढ्यांतून तुर्क पळाले आणि कॉफीचीं पोतीं मागें राहिलीं, त्यांतून हीं गृहें निघालीं, अशी गोड दंतकथा आहे. कागदोपत्रीं पहिला परवाना दिसतो तो १६८५ सालचा, आणि तो एका आर्मेनियन व्यापाऱ्याचा. मंडळीला मीं हें सांगूं लागलों तर ती म्हणाली, "नंतर."

काळा कोट घातलेला वाढपी आला. तिनें 'मेलांज' म्हणून दुधाळ कॉफी असते ती दोन मागितल्या, आणि सफरचंदाचें सारण भरलेली त्यांची ती गुंडाळी, अंडें नसल्याची खात्री करून घेऊन, एक. थोड्या वेळानें दोन लहान चकचकीत तबकें आलीं. प्रत्येकांत कॉफीचा पेला आणि शेजारीं पाण्याचा भरलेला ग्लास. वाढप्यानें तें तबक तिच्यापुढें ठेवलें आणि किंचित् वांकून गेला. तिनें लगेच उचललें नाहीं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती त्या वाफेकडे पाहत बसली. मग एक घोट घेतला. "गरम आहे," म्हणाली.

तेथें कोणी 'उठा' म्हणत नाहीं. एका पेल्यावर तुम्ही दुपारची संध्याकाळ करा. वाढपी फार तर पाण्याचा ग्लास पुन्हा भरून नेतो. लांकडी दांडीला अडकविलेलीं वर्तमानपत्रें असतात. आम्ही दोन तास बसलों. मीं विचारलें, काल त्या पायरीवर दीड तास काय केलेंस? आणि ती सांगूं लागली. पलीकडच्या बोळांतून पांढरे शुभ्र घोडे हातीं धरून रस्ता ओलांडून नेले; राजाच्या वेळेपासूनची ती घोड्यांची शाळा आहे, तेथले. माणसें तिकिटें काढून पाहतात ते तिनें चार हातांवरून पाहिले. एका घोड्यानें मध्येंच थांबून मान वळविली. एक म्हातारें जोडपें तिच्याच पायरीवर बसून एक पाव अर्धा-अर्धा करून खाऊन गेलें आणि जातांना तिला "ग्र्यूस गॉट" म्हणालें. मीं दोन लाख ग्रंथांच्या पाठी पाहिल्या होत्या. हें ती मला कालच सांगणार होती काय, असें विचारलें. "तुम्ही शिल्लक मांडीत होतां," ती म्हणाली.

बिल १५ युरो ७० सेंट झालें. तेथें बक्षीस मेजावर ठेवीत नाहींत. किती घ्यावयाचे तें देतांना तोंडानें सांगतात. तिनें वीसची नोट दिली आणि सूनबाईनें पढविल्याप्रमाणें "झीबत्सेन" म्हणाली. सतरा. वाढप्यानें तीन परत दिले. ते तिनें आपल्या बटव्यांत टाकले.

सोमवारीं गाडींत वही उघडली. परततांना बव्हेरियाच्या सरहद्दीवर पोलिसांनीं पासपोर्ट पाहिले, तेवढा एक व्यत्यय. ठरीव खर्च ३९९ युरो ८० सेंट, जेवणखाण व राखलेल्या जागा ६१ युरो ४० सेंट, ग्रंथालय १० युरो, देहधर्म व किरकोळ ४ युरो. एकूण ४७५ युरो २० सेंट. शिल्लक ७९ युरो ८० सेंट. एरव्हीं अशी शिल्लक मीं तांबड्या शाईनें अधोरेखित केली असती. त्या दिवशीं मीं तिला सतरानें भागून पाहिलें. चार वेळां भाग गेला आणि वर कांहीं उरलें. आपत्कालाच्या चाळिसांना हात देखील लागला नव्हता.

तिनें लिहूं नका म्हटलें होतें. पण न लिहिलेला खर्च माझ्या हातून आजवर झाला नाहीं, म्हणून मीं जमेच्या बाजूला लिहिलें: 'सौ. कडून उसने, युरो १७.' तिनें खांद्यावरून तें वाचलें आणि खिडकीबाहेर पाहूं लागली.

गेल्या दिवाळीपूर्वीं तें देणें मीं फेडावयास काढलें. त्या वेळच्या भावानें १,५३० रुपये होत होते. २०२५ सालीं युरो शंभरापलीकडे गेला, तेव्हां नव्या भावानें सतराशेंच्या वर. मीं नवा भाव धरून नोटा मोजून तिच्यापुढें ठेविल्या. ती भाजी निवडीत होती. नोटांकडे न पाहतां म्हणाली, "युरोंतच द्या. आणि तिथेंच द्या."